समुद्रशेतीस आधी सातबारा हवा

महाराष्ट्र शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. विजेचा आकार, कर्जाचे व्याज, विम्याचे संरक्षण या बाबतींत मासे पाळणाऱ्यास शेतकऱ्याच्या पंक्तीस बसविण्याचे त्यायोगे मान्य झाले. निर्णय स्वागतार्ह आहे आणि तो आणखी वीस वर्षे आधी झाला असता तरी कोणाची तक्रार नसती. परंतु पंक्तीस बसविल्यावर पानात काय वाढावयाचे, हा प्रश्न उरतोच. शेतकऱ्यास कर्ज मिळते ते त्याच्या नावावर सातबारा असतो म्हणून. समुद्रात वा खाडीत दोर सोडून शिंपले वाढविणाऱ्या कोळ्याच्या अथवा गाबिताच्या नावावर काय असते? पाणी हीच त्याची जमीन. आणि त्या जमिनीस बांध नाही, गट क्रमांक नाही, की वारस नोंद नाही. समुद्रशेतीच्या शक्यतांविषयी बोलताना तंत्र, बीज आणि अनुदान यांचीच चर्चा अधिक होते. आमच्या मते पहिला प्रश्न पाण्यावरील हक्काचा आहे. तो सुटल्याखेरीज बाकीचे प्रश्न सुटूनही उपयोग व्हावयाचा नाही.

ज्या जिल्ह्यास समुद्रच नाही त्याने ही उठाठेव का करावी, असे कोल्हापूरचा वाचक विचारील. आंबा, फोंडा आणि गगनबावडा या घाटांनी रत्नागिरी-सिंधुदुर्गाची मासळी आपल्या बाजारात येते, तेव्हा गिऱ्हाईक म्हणून आपला संबंध आहेच. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला १८१२ साली इंग्रजांकडे जाईपर्यंत कोल्हापूरकर छत्रपतींचा अंमल थेट समुद्रापर्यंत होता, हेही स्मरणात ठेवण्यासारखे आहे. पण याहून मोठे कारण असे की, पाण्याच्या आधारावर धंदा उभा करताना काय साधते आणि काय बिघडते, याचा भरपूर अनुभव पंचगंगा, भोगावती आणि कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या गाठी आहे. आपण सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या, पाण्याच्या पाळ्या ठरविल्या, पाळ्यांवरून भांडलो आणि ती भांडणे मिटविलीही. त्याचबरोबर शिरोळ तालुक्यात अति पाण्यापायी चांगली काळी जमीन क्षारपड होऊन पांढरी पडताना पाहिली. हा अनुभव घाटाखाली पाठविण्याजोगा आहे.

जगात या व्यवसायाची वाढ केवढी झाली आहे ते एका आकड्यावरून कळेल. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली पाळून काढलेले मासे, कोळंबी, शिंपले इत्यादींचे उत्पादन ९ कोटी ४४ लक्ष टन झाले आणि पकडून आणलेल्या मासळीस त्याने प्रथमच मागे टाकले. यातील मोठा वाटा गोड्या पाण्यातील तळ्यांचा आहे, तो बहुतांशी आशियातला आहे. त्यामुळे हा आकडा पाहून समुद्राच्या बाबतीत हुरळून जाण्याचे कारण नाही. तरीही दिशा स्पष्ट आहे. आपल्या राज्यास जुन्या मोजणीने ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे आणि वसईपासून तेरेखोलपर्यंत धरमतर, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग अशा लहानमोठ्या खाड्यांनी तो जागोजाग चिरला आहे. समुद्रशेतीची खरी जागा, निदान आरंभी तरी, या खाड्यांतच आहे.

याचे कारण पाऊस. जून ते सप्टेंबर या काळात कोकणचा समुद्र काय रूप धारण करतो ते किनाऱ्यावरच्या मुलासही ठाऊक असते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती मासळीच्या विणीसाठी तशीच माणसाच्या जिवासाठीही. अशा समुद्रात वर्षभर पिंजरा टिकवून धरणे हे नॉर्वेच्या खोल, आडोशाच्या खाड्यांत पिंजरा धरण्यासारखे नव्हे. खाडीत लाटांचा मारा कमी, पण तेथे दुसरी अडचण. समुद्राच्या पाण्यात दर हजार भागांत सुमारे ३५ भाग क्षार असतात; पावसाळ्यात नदीचा लोंढा आला की खाडीच्या वरच्या अंगाची क्षारता पार उतरून पाणी जवळजवळ गोडे होते. म्हणून आपल्याकडील खाडीची शेती हे पावसाळ्यानंतरचे पीक आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पावसाळा संपताच बरगे घालावयाचे आणि पुढच्या पावसाआधी काढून घ्यावयाचे, हा क्रम आपल्या अंगवळणी पडला आहे. शिंपल्याच्या दोराचा क्रम नेमका तोच आहे. बरगे वेळेवर न काढणाऱ्याची जी गत होते तीच मेअखेर दोर न काढणाऱ्याची होईल.

आता कोणते पीक घ्यावयाचे? येथे आमचे मत स्पष्ट सांगतो. ज्यास खाद्य घालावे लागत नाही त्यापासून आरंभ करावा. शिणाणे, म्हणजे हिरवट कडेची लांबट शिंपली, आणि कालवे ही दोन्ही पाणी गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पतींवर जगतात. त्यांना पेंड नको, वीज नको, पाणी बदलणे नको. शिणाण्यांची रीत अशी : खडकावर नैसर्गिकपणे लागलेले बोटाच्या पेराएवढे बीज ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करावयाचे, ते दोराभोवती पसरून वरून विरळ विणीच्या सुती कापडाची अथवा जाळीची पट्टी गुंडाळून शिवावयाची आणि असे दोर खाडीत रोवलेल्या बांबूंच्या मांडवास टांगावयाचे. दोन-चार दिवसांत कापड कुजून गळते. तोवर शिंपलीने आपल्या तंतूंनी दोर घट्ट धरलेला असतो. दर मीटर दोरास एक ते दीड किलो बीज लागते आणि चांगल्या पाण्यात पाच-सहा महिन्यांनी तेवढ्याच दोरावर दहा किलोपर्यंत माल तयार होतो. कालवांसाठी रिकाम्या शिंपांना भोके पाडून त्यांच्या माळा टांगतात. पाण्यात तरंगणारी पिले या शिंपांवर येऊन बसतात आणि तेथेच वाढतात. त्यांना शिणाण्यांहून अधिक महिने द्यावे लागतात.

हे केवळ प्रयोगशाळेतील तंत्र नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने सिद्ध केलेली ही पद्धत केरळातील कासरगोड जिल्ह्यात, चेरुवत्तूर आणि पडन्ना परिसराच्या खाजणात, १९९६-९७ च्या सुमारास महिलांच्या बचत गटांनी उचलली आणि थोड्याच वर्षांत तेथे शिंपल्यांचा हंगाम हा भातासारखा गावाचा हंगाम झाला. आपल्याकडे सिंधुदुर्गात देवगड, मालवण आणि वेंगुर्ले या तालुक्यांत गटांनी शिणाणे, कालवे आणि चिंबोऱ्या वाढविण्याचे प्रयत्न केले आहेत. राज्याच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासून राबविलेल्या उपजीविका योजनेत गटास ९० टक्के आणि व्यक्तीस ७५ टक्के अर्थसाहाय्य ठेवले, ते कांदळवन राखणाऱ्या गावांसाठी. कांदळवन राखा आणि त्याच्या सावलीतील पाण्यातून उत्पन्न घ्या, ही कल्पना आम्हांस अतिशय योग्य वाटते. मात्र ९० टक्क्यांच्या अनुदानाविषयी थोडे सावध असावे. अनुदानाने पहिल्या वर्षीचा बांबू आणि दोर येतो; दुसऱ्या वर्षी बांबू स्वतःच्या पैशाने घेण्याची वेळ येते तेव्हा किती गट पाण्यात उतरतात, तो आकडा विस्तार कार्यकर्त्याने आपल्या वहीत टिपावा. यशाची मोजणी तेथून सुरू होते.

बीजाची गोष्टही सोपी मानू नये. ओहोटीच्या वेळी कोयती घेऊन खडकावरची कालवे फोडणाऱ्या, शिणाणी खरवडणाऱ्या स्त्रिया किनाऱ्याच्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्या घरच्या मीठ-मिरचीचा खर्च त्या खडकावर चालतो. गटाने बीजासाठी सारा खडक खरवडून नेला तर एका गरिबाचे पीक दुसऱ्या गरिबाच्या ताटातून काढल्यासारखे होईल. बीज कोठून, किती आणि कोणी काढावयाचे, हे गावसभेत ठरलेले बरे.

कोळंबीचे नाव अद्याप काढले नाही ते मुद्दामच. समुद्रशेती म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कोळंबीचे तळे आणि परदेशी चलन उभे राहते. आणि खरोखरच देशाच्या मासळी-निर्यातीत सर्वाधिक पैसा कोळंबीच आणते. पण या पिकाचा इतिहास प्रत्येक कार्यकर्त्यास पाठ असावयास हवा. १९९० नंतर पूर्व किनाऱ्यावर वाघ्या कोळंबीची तळी झपाट्याने खोदली गेली. भातखाचरे खारी झाली, विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, कांदळवने तुटली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला आणि तळीच्या तळी रिकामी झाली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यालगतच्या प्रतिबंधित पट्ट्यातील, पारंपरिक नसलेली तळी काढून टाकण्याचा आदेश दिला. पुढे २००५ साली किनारी जलकृषी प्राधिकरणाचा कायदा झाला, नोंदणी सक्तीची झाली आणि २००९ पासून अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील मूळची व्हेनामी जातीची कोळंबी रोगमुक्त जनक आणून पाळण्यास परवानगी मिळाली. आज देशातील कोळंबीशेती मुख्यतः तिच्यावरच उभी आहे आणि त्यात आंध्र प्रदेश फार पुढे आहे. पालघर, रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आपल्याकडेही तळी आहेत.

कोळंबीशेती करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. ज्याच्या हाती भांडवल आहे, अखंड वीज आहे, पाण्यातील प्राणवायू पहाटे तीनला मोजण्याची तयारी आहे, त्याने ती नियमांत राहून खुशाल करावी. परंतु तीन-चार महिन्यांत लाखो रुपये पाण्यात घालून एका रात्रीत सारे गमावण्याची शक्यता असलेले पीक हे अल्पभूधारकाचे पहिले पीक होऊ शकत नाही. त्यातच भाव आपल्या हाती नाही. २०२५ साली अमेरिकेने आयातकर वाढविला तेव्हा त्याचा धक्का थेट तळ्याच्या बांधावर बसला. शिवाय प्रतिजैविक औषधांचा अंश सापडला की माल परदेशी बंदरातून परत येतो आणि एका उत्पादकाच्या चुकीची शिक्षा सर्वांस होते.

येथे शिरोळची आठवण पुन्हा करावी लागते. पंजाब-हरयाणातील खारवट भूजलावर व्हेनामी कोळंबी वाढविली जाते. रोहतक येथे केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे केंद्र याच कामात आहे. मग आपल्या क्षारपड जमिनीत तळी का खोदू नयेत, असा प्रश्न आपल्याकडेही कोणी तरुण शेतकरी विचारील. विचारण्यास हरकत नाही, पण कुदळ मारण्यापूर्वी दोन गोष्टी तपासाव्यात. एक म्हणजे जमिनीतले खारे पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे. त्यात बहुधा पालाश फार कमी असते, ते बाहेरून घालावे लागते, नाहीतर कोळंबी कात टाकताना मरते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तळ्यातील खारे पाणी पाझरून शेजाऱ्याच्या उसात गेले आणि हंगामाअखेर ओढ्यात सोडले, तर शिरोळच्या दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकून जमीन सुधारण्याचे जे काम झाले त्यावर पाणी फिरेल. ज्या जमिनीचा निचरा होऊन ती पुन्हा पिकाखाली येऊ शकते, ती तळ्याखाली कायमची खारी करणे आम्हांस मान्य नाही.

पिंजऱ्यातील माशांविषयी थोडक्यात. २००७ साली विशाखापट्टणम येथे आपल्या देशातील खुल्या समुद्रातील पिंजऱ्याचा पहिला प्रयोग जिताड्यावर झाला. त्यानंतर मंडपम येथे २०१० मध्ये कोबिया व २०११ मध्ये चंदेरी पाँपेनो यांचे कृत्रिम प्रजनन साधले. ही मोठीच कामगिरी होय. जिताडा हा रायगडच्या शेतकऱ्याचा तर ओळखीचा मासा. खाजणाच्या तळ्यात तो पूर्वापार वाढविला जातो. पण हे सारे मासे मांसाहारी आहेत. त्यांना ताजी किरकोळ मासळी घालून वाढवावयाचे तर एका किलोसाठी कित्येक किलो मासळी खर्ची पडते. गरिबाच्या भाताबरोबर जाणारी तारली पिंजऱ्यात घालून श्रीमंताच्या ताटासाठी मासा काढणे हा अन्नोत्पादनाचा मार्ग म्हणता येईल काय? तयार खाद्याने हा दोष कमी होतो, पण खर्च वाढतो. शिवाय बोटुकली दुरून आणावयाची. खाडीच्या आडोशात, पावसाळ्यापूर्वी काढता येतील एवढ्याच मुदतीचे, थोडे पिंजरे घालावेत. त्याहून अधिक घाई करू नये.

आता मुख्य मुद्दा. खाडी कोणाची? कायद्याने ती शासनाची. वहिवाटीने ती डोलकराची, पागणाऱ्याची, तरीवाल्याची, कालवे काढणाऱ्या बायकांची, आणि उधाणाच्या भरतीबरोबर होडी आत घेणाऱ्या प्रत्येकाची. तेथे कोणी बांबूचा मांडव घातला की कोणाची तरी वाट अडते. मांडव गावातल्या माणसाचा असेल तर भांडण चावडीत मिटते. बाहेरच्या भांडवलदाराचा असेल तर ते न्यायालयात जाते आणि तोवर रात्री कोणीतरी दोर कापलेले असतात. पंधरा हजारांचा दोर कापला गेला तर त्याचा पंचनामा कोणत्या गट क्रमांकाखाली करावयाचा? बँक कशावर कर्ज देणार, विमा कंपनी कशाची भरपाई करणार? कृषीचा दर्जा कागदावरून पाण्यात उतरावयाचा तर पाण्याच्या त्या तुकड्यास सीमा, क्रमांक आणि ठराविक मुदतीचा भाडेपट्टा हवा. २०२३ च्या दुरुस्तीने पिंजरे, शिंपले आणि समुद्री शैवाल यांची शेतीही किनारी जलकृषीच्या कायद्याच्या कक्षेत आली आहे. कायद्याने दार उघडले. आत प्रथम कोणास घ्यावयाचे ते राज्याने व गावाने ठरवावयाचे आहे.

याबाबत जपानकडे पाहावे. तेथे १९४९ च्या मासेमारी कायद्याने किनाऱ्यालगतच्या पाण्यावरील हक्क स्थानिक मच्छीमारांच्या सहकारी संस्थांकडे दिले आणि कालवे, नोरी शैवाल यांची शेती या हक्कांच्या आधारावर वाढली. कोणी कोठे मांडव घालावयाचा, किती दाट घालावयाचा, हे संस्था ठरवीत आली. २०१८ च्या दुरुस्तीने तेथे संस्थांचा हा कायदेशीर अग्रक्रम काढून कंपन्यांस वाट मोकळी करण्यात आली, त्याचे परिणाम काय होतात ते येत्या काळात दिसेल. उलट चिलीमध्ये सॅमन माशांचे पिंजरे आवरण न घालता दाटीने वाढू दिले आणि २००७ नंतर विषाणुरोगाने तो धंदा काही वर्षे आडवा पाडला. नॉर्वेने २०१७ पासून किनाऱ्याचे विभाग पाडून, माशांवरील उवांचा उपद्रव जेथे अधिक तेथे उत्पादन कमी करावयास लावण्याची पद्धत घातली आहे. म्हणजे श्रीमंत देशासही पाण्याची पाळी ठरवावी लागली.

आपल्याकडे हे नवे नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढणारे संघ पिढ्यान् पिढ्या एकत्र जाळे ओढतात आणि ठरलेल्या हिश्शांनी मासळी वाटून घेतात. आपल्या पाणीपुरवठा संस्थेचे नियम आणि रापणीचे वाटे यांत फारसा फरक नाही. म्हणून आमची सूचना अशी की, खाडीचा भाडेपट्टा प्रथम स्थानिक मच्छीमार संस्थेस अथवा महिला गटास द्यावा. तो निदान पाच-सात हंगामांचा असावा, एका वर्षाचा नसावा. पोटभाड्याने देण्यास सक्त मनाई असावी. आणि होड्यांची वाट व कालवे काढण्याचे खडक नकाशावर आधी मोकळे सोडून मगच मांडवाच्या जागा आखाव्यात. पोटभाड्याचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण गावतळ्यांचे ठेके संस्थेच्या नावाने घेऊन प्रत्यक्षात कोण चालवितो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना तो किरकोळ वाटणार नाही.

हक्काबरोबर पाण्याच्या शुद्धतेची हमीही आलीच. शिंपली दिवसभर पाणी गाळते. पाण्यात गावाचे सांडपाणी असेल तर त्यातील रोगजंतू तिच्या पोटात साठतात. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याविरुद्ध दाभोळ खाडीतील मच्छीमारांनी किती वर्षे गाऱ्हाणी घातली, हे सर्वांस ठाऊक आहे. ज्याच्या हाती भाडेपट्टा आहे तो अशा वेळी नुकसानीचा दावा लावू शकतो. ज्याच्या हाती काही नाही त्याने मेलेली मासळी दाखविण्यापलीकडे काय करावे? विक्रीपूर्वी शिंपल्या स्वच्छ केलेल्या पाण्यात ठेवून त्यांचे पोट साफ करून घेण्याची सोय एकट्यास परवडत नाही, संस्थेस परवडते. दूध संघाच्या संकलन केंद्रावर फॅट लागल्याखेरीज दूध घेत नाहीत. शिंपल्यांसही तसेच केंद्र हवे. असा तपासलेला माल गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापुरास आला तर त्यास गिऱ्हाईक मिळणे अवघड नाही, फक्त देशावरच्या माणसास शिंपल्याची आमटी खाण्याची सवय लावावी लागेल. त्याचे काम स्वयंपाकाच्या प्रात्यक्षिकांनी कोकणच्या भगिनींनीच करावे.

येत्या हंगामापूर्वी करावयाचे काम साधे आहे. खाडीकाठच्या गावातील कार्यकर्त्याने पावसाळा ओसरल्यापासून दर अमावास्येस व पौर्णिमेस, आणि मध्ये भांगाच्या दिवशीही, खाडीचे मुख, मध्य आणि वरचे टोक अशा तीन ठिकाणी भरतीच्या व ओहोटीच्या पाण्याची क्षारता मोजावी. ऊस पक्व झाला की नाही हे पाहण्यास साखर कारखान्याचे लोक जो हातात मावणारा रिफ्रॅक्टोमीटर वापरतात, त्याच जातीचे उपकरण क्षारतेसाठी मिळते. पाण्याचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे धरले की आकडा दिसतो. शिणाण्यांस २७ ते ३५ ची क्षारता मानवते. ज्या जागी हा आकडा डिसेंबरपासून मेपर्यंत टिकतो, त्या जागा मच्छीमार संस्थेच्या बैठकीत नकाशावर खुणा करून दाखवाव्यात, बैठकीस कालवे काढणाऱ्या स्त्रियांना बोलवावे, आणि भाडेपट्ट्याच्या अर्जास तो नकाशा व ती वही जोडावी.